तीन नंबरचं लपण

चष्मेवालीला आणि तिच्या नणंदेला पक्षी बघायच्या एकाच लपणात बसवायचं, ही अक्कल चष्मेवालीच्या नवऱ्याची. एका बाजूला थोरली बहीण, दुसऱ्या बाजूला बायको, अशा दोन दगडांवर पाय ठेवून त्याने बावीस वर्षं काढली होती. आता पन्नाशीला आल्यावर त्याच्या मनाने घेतलं, की चार तास एका फळ्यांच्या खोलीत कोंडल्या की दोघी आपोआप बोलायला लागतील.

"आम्ही बोलतोच की," चष्मेवाली म्हणाली. "तीच तर अडचण आहे."

चष्मेवाली हे नाव नणंदेनेच ठेवलेलं. लग्न ठरलं तेव्हा भरल्या घरात पाहुण्यांसमोर ती म्हणाली होती, "डोळ्यांची डॉक्टर नाही हं, गैरसमज नको. चष्मेवाली आहे." नाव चिकटलं ते चिकटलं. बाजाररस्त्यावर तिचं दुकान होतं: पुढे फ्रेमची काचेची कपाटं, मागे पडद्याआड नजर तपासायची अंधारी खोली. दुकान वाढवलं तेव्हा तिने पाटीवर हेच नाव रंगवून घेतलं, चांगलं हातभर अक्षरात. नणंदेच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्या दिवशी चष्मेवालीला पहिल्यांदा दुकान आपलं वाटलं.

नणंदेला सगळे हेडबाई म्हणायचे. शाळा सुटून सात वर्षं झाली होती, पण शाळा तिच्यातून सुटली नव्हती. आता तिचा वर्ग म्हणजे गावातलं पक्षीमंडळ. मंडळाची नोंदवही तीस वर्षं तिच्याकडे. कोणी काय पाहिलं ते तिला सांगायचं, आणि ते खरं की खोटं ते तिने ठरवायचं.

तीन हिवाळ्यांपूर्वी चष्मेवालीने तिला सांगितलं होतं, की खाजणाच्या कडेला चिखलात चमच्यासारख्या चोचीचा तुतवार पाहिला. चिमणीएवढा पक्षी, पण असा की लोक आयुष्यभर शोधतात आणि न बघताच मरतात. तिने चित्र काढून दिलं, वेळ लिहिली, वाऱ्याची दिशा लिहिली. हेडबाईने मंडळाच्या बैठकीत ती नोंद मोठ्याने वाचली आणि त्यावर आडवी रेघ मारली. पुढे शेरा लिहिला, तोही वाचून दाखवला: "नवख्या नजरेचा दोष."

जी बाई दिवसाला वीस जणांची नजर तपासते, तिच्या नजरेत दोष! मंडळी हसली. नवराही हसला, आणि मग बायकोकडे बघून खोकला आल्यासारखं करू लागला. तेव्हापासून चष्मेवालीने नणंदेला पाण्यात पाहायला सुरुवात केली. आधी जे होतं ते नुसतं विळ्याभोपळ्याचं सख्य होतं.

हिवाळ्यातली मोठी मोजणी रविवारी होती. राखीव खाजण समुद्राच्या अगदी कुशीत. मातीच्या लांब बांधाने खारं पाणी अडवलेलं, बांधाच्या आत मैलभर कुरण, कुरणात चरांचं जाळं. म्हशी आणि गाई वर्षभर तिथे चरतात म्हणून गवत आखूड राहतं, आणि गवत आखूड म्हणून पक्षी उतरतात. अशी ती व्यवस्था. पाहायला छान वाटते. चालायला लागलं की वारा कानशिलात मारतो आणि चिखल बूट मागून घेतो.

मंडळी मिनीबसने आली. हेडबाई मात्र आपल्या गाडीने, स्वतः चालवत. शेजारी भाची, म्हणजे चष्मेवालीची एकोणीस वर्षांची लेक. आत्या आणि भाचीचं गूळपीठ होतं. चष्मेवालीला ते खपत नसे, पण लेकीपुढे ती मूग गिळून बसे. गाडीचा डावा दरवाजा मागपासून पुढपर्यंत खरवडला होता.

"कठडा पुढे आला," हेडबाई म्हणाली.

लेक उतरून दाराला टेकली. ती पांढरीफटक पडली होती. गाडीत मळमळलं असेल, असं चष्मेवालीला वाटलं.

राखणदार फाटकाशी उभा होता. जाडा स्वेटर, हातात काठी, आणि चेहरा असा की पक्षी बघणारा माणूस ही त्याच्या लेखी जनावरांतली सगळ्यात हलकी जात.

"फाटक लावून घ्यायचं," तो म्हणाला. "मागच्या वेळी तुमच्यातल्याच कोणीतरी उघडं टाकलं. अकरा म्हशी समुद्रात. मला कमरेएवढ्या पाण्यात जाऊन एकेकीची समजूत काढावी लागली."

"आमच्यातलं कोणी नसेल," हेडबाई म्हणाली.

"म्हशींनीच कडी काढली असेल मग," राखणदार म्हणाला आणि थुंकला.

तीन नंबरचं लपण कुरणाच्या टोकाला. फळ्यांची लांबट खोली, समोर आडवी फट, फटीपुढे बाक. आत शेणाचा आणि ओल्या लाकडाचा वास. रीत अशी की एकाने दुर्बिणीतून बघून सांगायचं आणि दुसऱ्याने लिहायचं. कोण सांगणार आणि कोण लिहिणार, हा प्रश्न हेडबाईने विचारलाच नाही. तिने मोठी दुर्बीण तिपाईवर बसवली आणि पेन्सिल न बघता मागे धरली.

"मी सांगते तेवढंच लिही. स्वतःचं काही घालू नकोस."

"नाही घालत," चष्मेवाली म्हणाली. "माझी नजर नवखी."

"अजून तेच धरून बसली आहेस?"

"तुम्ही सोडलंत का?"

हेडबाईने डोळा दुर्बिणीला लावला. "टिटव्या, चौदा. शेकाटे, तीस. लिही. तुतवार, बांधाकडे, वीस-बावीस."

चष्मेवाली लिहीत गेली. शेकाटे खरंच होते, लाल पायांच्या काड्यांवर उभे, आपसात किचकिचत. टिटव्या तर दिवसभर ओरडतच असतात. पण समोरच्या तळ्यात शंभरएक बदकं पाठीत चोच खुपसून गप्प झोपली होती, आणि हेडबाई त्यांच्याबद्दल अवाक्षर काढेना.

चष्मेवालीने पेन्सिल थांबवली आणि पहिल्यांदा पक्ष्यांऐवजी नणंदेकडे नीट बघितलं.

हेडबाई दुर्बिणीत सरळ बघत नव्हती. मान किंचित कलती, डोळा भिंगाच्या मधोमध नाही, कडेला. दुर्बिणीतून डोळा काढल्यावरही ती समोरच्या वस्तूकडे न बघता तिच्या जरा बाजूला बघायची, कोंबडी दाण्याकडे बघते तशी. थर्मासमधला चहा ओतला तेव्हा बोट आधी झाकणाच्या काठावर ठेवलं, मग ओतला. तरी चार थेंब बाकावर सांडले. ते तिला दिसले नाहीत.

अशी मान दुकानात महिन्याला दोन-चार तरी येतात. चष्मा बदलून द्या म्हणतात. चष्म्याचा काही उपयोग नसतो. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजलेला असतो; कडेचं दिसतं, पण ज्याच्याकडे बघावं तेवढंच नेमकं पुसलं जातं. माणूस समोर आला तर त्याचे कान दिसतात, तोंड दिसत नाही.

खरं तर वाईट वाटायला हवं होतं. पण खोटं कशाला सांगा, चष्मेवालीला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. तीन वर्षं जी रेघ छातीवर वागवली, ती मारणारीलाच आता दिसत नव्हतं! मात्र शंका नको, खात्री हवी. तिने फटीतून बाहेर बोट दाखवलं आणि आवाज अगदी साधा ठेवला.

"ताई, तो बघा. चरापलीकडच्या खांबावर ससाणा बसलाय. दलदलीवरचाच ना तो?"

चरापलीकडे नुसतं कुरण होतं. ससाणा नव्हता, आणि खांबही नव्हता.

हेडबाईने दुर्बीण वळवली. भिंग फिरवून बघितलं. "हो. मादी आहे. डोकं फिकट. लिही, एक."

चष्मेवालीने वही मिटली.

"लिहिलंस?"

"नाही. तिथे खांब नाही, ताई."

बाहेर शेकाटे किचकिचत होते. हेडबाई तशीच दुर्बिणीवर वाकून राहिली, जणू खांब उगवायची वाट बघत होती. मग सावकाश सरळ झाली.

"हलकट आहेस," ती म्हणाली.

"असेन. कधीपासून?"

"मोजणीला बसलो आहोत. मोजणी कर."

"कधीपासून, ताई?"

"दोन वर्षं झाली. उजवा आधी गेला." तिचा आवाज शाळेतल्यासारखाच कडक होता, फक्त हात थर्मासचं झाकण शोधत बाकावर चाचपडत होते. "दुसऱ्या शहरात जाऊन दाखवलं. काही होत नाही म्हणाले, आहे ते टिकवा. झालं समाधान?"

"बाजाररस्त्यावर माझं दुकान आहे. पाच मिनिटांवर."

"म्हणूनच दुसऱ्या शहरात गेले." हेडबाई तिच्याकडे वळली, म्हणजे तिच्या कानाकडे. "तुझ्या त्या अंधाऱ्या खोलीत, तुझ्या खुर्चीवर बसू? खालची ओळ वाचा ताई, बरं तिच्या वरची वाचा, बरं नुसती बोटं किती ते सांगा? त्यापेक्षा मी डोळे काढून ठेवीन."

चष्मेवालीने बाकावर सांडलेला चहा पुसला. मग हेडबाईने विचारलं, "आता माझी पाळी. तीन वर्षांपूर्वी माझे डोळे शाबूत होते. खरं सांग, त्या पक्ष्याची चोच पाहिली होतीस?"

तो पक्षी चिखलात पाठमोरा उभा होता. कपाळ पांढरं, चोच पंखात. चष्मेवाली वीस मिनिटं बघत राहिली होती, मग म्हशी आल्या आणि तो उडाला. चोच तिने घरी जाऊन पुस्तकातून बघून काढली होती. हे तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

"नाही," ती म्हणाली.

"मग काढलीस का?"

"तुम्हाला हरवायचं होतं."

"वाटलंच होतं मला."

"म्हणून रेघ मारलीत?"

"छे," हेडबाई म्हणाली. "पक्षी खरा असेल, असं मला वाटलं होतं. तू होतीस म्हणून मारली."

इतकं खरं बोलणं त्या दोघींमध्ये बावीस वर्षांत झालं नव्हतं, आणि त्याने कोणाचंच काही भलं झालं नाही. चष्मेवालीचे कान तापले. दुखणाईत म्हातारी नणंद म्हणून जो काही कोपरा मनात ओला व्हायला लागला होता, तो तिथेच सुकला. आणि त्या रागातच तिला एकदम सकाळचा खरवडलेला दरवाजा आठवला, आणि लेकीचा पांढरा चेहरा.

"ताई, तुम्ही गाडी चालवत आलात."

"तीस वर्षं चालवतेय. रस्ता पाठ आहे."

"रस्ता पाठ असेल. रस्त्यावरची माणसं पाठ आहेत का?"

"तोंड सांभाळ."

"माझी पोर शेजारी बसली होती!"

"माझी भाची आहे ती. तुझ्यापेक्षा जास्त मी तिला..."

"किल्ली द्या."

"मर," हेडबाई म्हणाली, आणि तिपाई खांद्यावर टाकून दार उघडून चालू लागली. बांधाची वाट तिला खरंच पाठ होती. वाऱ्यात ताठ मानेने ती एकदाही न अडखळता गेली. मागून चष्मेवाली चिखलात घसरत, वही सांभाळत, दातओठ खात.

गाड्या उभ्या करायच्या जागी मंडळी डबे उघडत होती. चष्मेवाली धापा टाकत नवऱ्याजवळ आली आणि तिने हळू आवाजात सांगितलं. नवऱ्याने इकडे बघितलं, तिकडे बघितलं.

"इथे नको गं. घरी बोलू."

"घरी पोचायचं तर आहे ना? ती पोरीला घेऊन निघालीय."

हेडबाई गाडीचं दार उघडत होती. लेक दुसऱ्या दाराशी उभी, बसू की नको अशी. मग मात्र चष्मेवालीने आवाज वाढवला. इतका, की जवळच्या दोन गाईंनीही माना वर केल्या.

"ताईंना समोरचं दिसत नाही. दोन वर्षं झाली. पोर त्या गाडीत बसणार नाही."

कोणाच्या तरी डब्याचं झाकण खाली पडून फिरत राहिलं.

"खोटारडी," हेडबाई शांतपणे म्हणाली. "तीन वर्षांचा डूख आहे हा. सगळ्यांना माहीत आहे."

सगळ्यांना माहीतच होतं. माना डोलल्या. एक निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले, "चारचौघांत असं बोलू नये हो, वहिनी." नवऱ्याच्या कपाळावर थंडीतही घाम आला. मग त्याला वाटलं की आपल्याला तोडगा सापडला. "ताई, ती फाटकावरची पाटी वाच बरं. म्हणजे विषयच मिटेल."

पाटी दहा पावलांवर होती. हेडबाईने तिकडे तोंड केलं आणि खणखणीत आवाजात वाचलं, "पक्ष्यांना त्रास देऊ नये. कचरा टाकू नये. फाटक उघडे ठेवू नये. आज्ञेवरून."

पाटीकडे न बघताच मंडळींनी सुटकेचा श्वास सोडला. कोणी हसलंही. नवरा बायकोकडे असा बघत होता, जसं काही तिने भर बाजारात त्याची टोपी उडवली. पण चष्मेवाली पाटीकडे बघत होती. तिला काही बोलावंच लागलं नाही.

"ओ बाई," राखणदार काठीवर रेलून म्हणाला, "ती पाटी म्हशीने अंग घासून पाडली. महिना झाला. ही नवी आहे."

नव्या पाटीवर दोनच ओळी होत्या, हाताने रंगवलेल्या. "वळू मोकळा आहे. बांध सोडू नये."

त्या क्षणी हेडबाईकडे बघवत नव्हतं. म्हणून सगळे पाटीकडे बघत राहिले, आणि ते जास्तच वाईट होतं. ती सगळ्यांच्या मधोमध उभी राहिली. चेहऱ्यांच्या जागी तिला काय दिसत असेल ते तिचं तिला ठाऊक. मग तिने खिशातून किल्ली काढली.

"घे," ती म्हणाली. "तुला हवी होती ना?"

आणि होती नव्हती ती ताकद लावून तिने किल्ली भिरकावली. चष्मेवालीच्या दिशेने फेकली असेल, पण गेली भलतीकडे. फाटकावरून पलीकडे, चरात. डुबुक असा बारीक आवाज झाला.

मग तासभर अर्ध्या मंडळाने विजारी गुडघ्यापर्यंत वळून चर चाचपला. पाणी बर्फासारखं. राखणदार बांधावर उभा राहून सूचना करत होता. "हातात येतंय ते शेण आहे. किल्ली कडक असते." पोस्टमास्तरांना एक जुना बूट सापडला. किल्ली सापडली नाही. हेडबाई मिनीबसच्या पहिल्या बाकावर पाठ ताठ ठेवून बसून राहिली. कोणी चहा नेऊन दिला तर तिने तो बघितला नाही. की दिसला नाही, हे विचारायची कोणाची टाप नव्हती.

परतीच्या वाटेवर नवरा बहिणीशेजारी बसला. चष्मेवाली सगळ्यात मागे, लेकीजवळ. तिच्या बुटात पाणी होतं आणि जिंकल्याचं कसलंही सुख वाटत नव्हतं. अर्ध्या वाटेवर लेक हलकेच म्हणाली, "आई, सकाळी कठडा पुढे आला नव्हता."

"मग?"

"सायकलवाला होता. आत्याला दिसलाच नाही. मी ओरडले तेव्हा तिने गाडी कठड्यावर घातली. मला म्हणाली, कोणाला सांगू नकोस." लेकीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "मी नव्हते सांगणार, आई. खरंच नव्हते सांगणार."

चष्मेवालीने तिचा हात धरला आणि गाव येईपर्यंत सोडला नाही.

नवऱ्याने आठ दिवस बायकोशी अबोला धरला. नवव्या दिवशी लेकीने त्याला सायकलवाल्याचं सांगितलं. तो बराच वेळ खिडकीपाशी उभा राहिला, मग बहिणीकडे गेला आणि दुसरी किल्ली घेऊन आला. गाडी उन्हाळ्यात विकली. मंडळात मात्र चष्मेवालीला कोणी शाबासकी दिली नाही. बाई खरी बोलली, पण बोलायची पद्धत असते, असं सगळ्यांचं मत पडलं, आणि ती दिसली की गप्पा हवामानाकडे वळायच्या. हेडबाईने नोंदवही पोस्टमास्तरांच्या घरी पाठवून दिली. भावाच्या घरी येणं बंद केलं. दुकानात तर ती आधीही येत नव्हती.

पुढच्या हिवाळ्यात मोजणीच्या दिवशी पोस्टमास्तरांनी चष्मेवालीला पाच नंबरचं लपण दिलं. ती तिथवर चालत गेली तर वाऱ्याने छप्पर अर्धं उडवलेलं, बाकावर पाणी. ती मागे फिरली आणि तीन नंबरचं दार ढकललं.

आत हेडबाई होती. दुर्बीण नव्हती. हात मांडीवर, मान खाली, कान फटीकडे. शेजारी लेक वही घेऊन.

"चिखल्या," हेडबाई सांगत होती, "डावीकडे, आवाज लांबून येतोय. तू बघ आणि मोज." मग थांबली. वाऱ्याबरोबर आत आलेला वास तिला कळला असावा, किंवा पाऊल. "कोण, चष्मेवाली का?"

"हो."

"तुला पाच नंबर दिलाय."

"छप्पर उडालंय."

"मग दार लाव. वारा येतोय." आणि जरा वेळाने, तोंड न वळवता, "बोलायचं नाही. मला ऐकू येत नाही मग."

चष्मेवालीने दार लावलं, बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली आणि बुटांतला चिखल काढू लागली. लेकीने दोघींच्या मध्ये सरकून जागा नीट केली.

"एकतीस, आत्या," ती म्हणाली.

"पुन्हा मोज," हेडबाई म्हणाली.